पिवळी हवेतच का थांबते?

“चित्ताच घ्यायचा,” श्याम म्हणाला. “याच्यात विचार कायचा करता?”

अकोटला श्यामच्या बाबांचं, म्हणजे आचलच्या कुलदीपमामांचं, कृषी केंद्र होतं. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बियाण्यांच्या रिकाम्या पोत्यांशेजारी, दोन टेबलांवर मामांच्या मित्राची, ओमप्रकाशकाकांची, दोन विकाऊ विमानं उभी होती. खेळणी म्हणावीत, तर ती श्यामपेक्षा लांब होती. खरी म्हणावीत, तर आत बसायला जागा नव्हती. जमिनीवर उभं राहून हातातल्या रेडिओने ती उडवायची. पण दोन्हींच्या पोटातलं इंजिन मात्र अगदी खऱ्या जेटसारखं होतं. आकार पाण्याच्या बाटलीएवढा, खाणं रॉकेल आणि आवाज असा, की पहिल्यांदा ऐकणारा दोन पावलं मागे सरकतो.

लाल-काळ्या विमानाला सगळे ‘चित्ता’ म्हणत. निमुळतं नाक, मागे वळलेले आखूड पंख. दुसरी ‘पिवळी’. तिचे पंख रुंद आणि सरळ, पाय जाड, पोट जरा सुटलेलं.

“ही तर म्हशीवानी दिसते,” श्यामने पिवळीच्या पाठीवर थाप मारली.

“म्हशीले नावं ठेवू नको,” शेजारची करिश्मा दारातून म्हणाली. तिच्या घरचा झेंडूचा मळा होता आणि दिवाळीची फुलं विकून तिचे हात अजून पिवळे होते. “सकाळी चहा तिच्याच दुधाचा पेला ना तू?”

ते दोघं हसले. आचल हसली नाही, कारण ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं. श्याम आणि करिश्मा जन्मापासून एका गल्लीत वाढलेले. एकाने वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्याने संपवावं. आचल सुट्टीपुरती अमरावतीहून आलेली, मामाची भाची. आई दवाखान्यात नर्स. तिला दिवाळीतही सुट्टी नव्हती. म्हणून आचल एकटीच दर्यापूरमार्गे एसटीने आली होती, पिशवीत आईने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन.

आणि बाबा ओमानमध्ये होते. ते या दिवाळीला यायचे होते. यायच्या आधल्या आठवड्यात त्यांच्या प्लांटमधलं एक मोठं यंत्र बिघडलं आणि त्यांची रजा गेली.

जाताना बाबा म्हणाले होते, “पहिलं जेट आपण दोघं निवडू. मी उडवीन, तू बाजूला उभं राहायचं.” जेट उडवताना उडवणाऱ्याची नजर विमानावरून क्षणभरही हलत नाही. म्हणून बाजूला एक जण लागतो. वेळ सांगायला, वारा सांगायला, रस्त्यावर कुत्रं आलं तर सांगायला. बाबांची साधी विमानं उडायची तेव्हा ती जागा आचलची असे. दोघं एकमेकांकडे न बघता आकाशाकडे बघत बोलत. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त बोलणं तसंच झालं होतं.

आता बाबा नव्हते. जेट मामा आणि बाबा मिळून घेणार होते आणि निवडायचं काम मामांवर आलं होतं.

“रविवारी ओमप्रकाश चित्ता उडवून दाखवते,” मामा म्हणाले. “मंग पक्कं करून टाकू. तुह्या बाबांले मी सांगतो.”

“आणि पिवळी?” आचलने विचारलं.

“तिचं इंजिन खराब हाय, बाई. दोनदा हवेत बंद पडलं. ओमप्रकाश तिले आता खोलून सुटे भाग विकून टाकते.”

“चित्ता घेतला तर मी बाजूला उभी राहू शकेन?”

मामांनी हात हलवला. “नाई जमणार ते. तो लय फास्ट हाय. त्याच्याजवळ लेकरू नको, असं ओमप्रकाशच म्हणते. तू झाडाखाली खुर्चीवर बस अन् मस्त पाय.”

आचलने मान हलवली. झाडाखालची खुर्ची तिला ठाऊक होती. तिथून विमान दिसतं, पण बोलायला कोणी नसतं.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. खाली गल्लीत उरलेसुरले फटाके वाजत होते. श्याम कोणालातरी हाका मारत होता. तिने बाबांना फोन लावला. चित्र आलं, अडकलं, पुन्हा आलं.

“दोनदा बंद पडलं म्हणतात,” तिने सगळं सांगून झाल्यावर म्हटलं.

“हवेत बंद पडलं. आणि जमिनीवर?”

“जमिनीवर कधीच नाही. मामा म्हणाले, टेबलावर तासभर नुसतं चालतं.”

“मग ते खराब कसं?” बाबांचा आवाज एकदम जवळचा वाटला. “खराब इंजिन जागा बघून खराब होत नाही. हवेत असं काय असतं, जे जमिनीवर नसतं? ते शोध. आणि हो, चित्ता पूर्ण जोरात चालवतील तेव्हा आवाज रेकॉर्ड करून पाठव. मला ऐकायचा...”

चित्र गोठलं. बाबांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. तिने बराच वेळ त्याकडे बघितलं, मग फोन खाली ठेवला.

“तू रोज इथं एकटी बसून काय करून राहते?”

करिश्मा जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातात अनारशांची ताटली.

“काही नाही.”

“काही नाई कसं? हवेत काय असते म्हणे. मी ऐकलं.” तिने ताटली पुढे केली. “मले माहीत हाय काय असते. कापूस.”

अकोटात राहणाऱ्या कोणालाही ते पटलं असतं. जिनिंग सुरू झालं होतं. सरकी वेगळी करताना कापसाचे तंतू उडतात आणि त्या दिवसांत तारा, झाडं, माणसांच्या भुवया, सगळ्यांवर पांढरी लव बसते. विमानं उडायची ती जागा म्हणजे गावाबाहेरच्या बंद सूतगिरणीचा लांब, सरळ सिमेंटचा रस्ता, आणि त्या रस्त्याला लागून एक चालू जिनिंग होतं.

“इंजिन हवा ओढते ना?” करिश्मा म्हणाली. “हवेसंगं कापूस ओढत असन. घसा बसला त्याचा.”

आचलने तिच्याकडे नीट पाहिलं. सुट्टी सुरू झाल्यापासून कोणीतरी पहिल्यांदाच तिच्या प्रश्नावर विचार केला होता.

“बघता येईल,” ती म्हणाली. “काळा कागद आहे का तुझ्याकडे? आणि खोबरेल तेल?”

सकाळी तिघं सायकलींवरून निघाले. श्याम न बोलावता आला होता. कागदाला तेलाचा पातळ हात लावून आचलने एक कागद जिनिंगच्या भिंतीजवळ बांधला आणि दुसरा विमानं जिथून उडतात तिथल्या खांबाला.

“आता?” श्याम म्हणाला.

“आता थांबायचं.”

“बस? याले प्रयोग म्हणते? आमच्या सरांच्या प्रयोगात निदान धूर तरी निघते.”

“तुह्या सरांच्या प्रयोगात धूरच निघते, बाकी काही निघत नाई,” करिश्मा म्हणाली. या वेळी आचलला हसू आलं.

दुपारी ते परत गेले. भिंतीजवळचा कागद म्हाताऱ्याच्या दाढीसारखा पांढरा झाला होता. खांबावरचा कागद मात्र काळाच होता. थोडी धूळ, एक चिलट, कापसाचे दोनचार तंतू.

“वारा इकडून तिकडे वाहतो,” आचल हळूच म्हणाली. “गिरणीकडून जिनिंगकडे. कापूस इकडे येतच नाही.” मग तिला आठवलं. “आणि काल मी पिवळीच्या इंजिनावरची जाळी बघितली. स्वच्छ होती.”

“म्हंजे मी चुकली,” करिश्मा म्हणाली.

“नाही. म्हणजे कापूस हवेतून येत नाही, एवढं कळलं.”

“हे आमच्या घरी कोणी म्हणत नाई. चुकली म्हंजे चुकलीच म्हणते.”

शनिवारी दुपारी ओमप्रकाशकाका अकोल्याहून जीपने आले. अकोल्यात त्यांचं शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. त्या भागात जेट उडवणारे ते पहिलेच, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. उद्याच्या उड्डाणासाठी त्यांनी शेडमध्ये इंधन बनवायला घेतलं. रॉकेलच्या डब्यात मापून खास तेल घातलं, डबा हलवला आणि दुसऱ्या डब्यावर नरसाळं ठेवलं. मग खिशातून एक पुडी काढली. तिच्यात पांढऱ्याशुभ्र कापसाचा बोळा होता. तो त्यांनी नरसाळ्यात नीट दाबून बसवला.

“लोकं जाळी वापरते, कापड वापरते,” ते मुलांना म्हणाले. “आपण असली वऱ्हाडी कापूस. माहा बाप दिव्याचं रॉकेल असंच गाळे. दोनदा गाळतो मी. एक कण जाणार नाई.”

आचल पुढे वाकून बोळा बघायला लागली. तिने करिश्माकडे पाहिलं. करिश्मा बोळ्याकडेच बघत होती.

“काका, थोडं गाळलेलं मला बरणीत द्याल?”

“घे ना. पाय, कसं पाण्यावानी.”

खरंच पाण्यासारखं होतं. आचल बरणी घेऊन शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. तिने टॉर्च समोरून न धरता बाजूने धरला. शाळेच्या प्रयोगशाळेत असं केल्यावर दुधाचा थेंब टाकलेलं पाणीही उजळतं. तिघांची डोकी बरणीवर वाकली.

आत केसांहून बारीक तंतू चमकत होते. एक, दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. ते अगदी सावकाश खाली-वर होत होते.

“माय वो,” करिश्मा पुटपुटली. “कापूस हवेत नाई. रॉकेलात हाय.”

आचलने भराभर सगळं जुळवून पाहिलं. इंजिनाच्या आधी इंधनाची एक छोटी गाळणी असते, बोटाच्या पेराएवढी. तंतू तिथे अडकत जाणार. जमिनीवर इंजिन मंद चालतं, थोडं इंधन पुरतं, गाळणी अर्धी बुजली तरी चालतं. हवेत पूर्ण जोर लागतो, खूप इंधन लागतं आणि ते पोचत नाही. म्हणून पिवळी हवेतच थांबते. चित्ता नवा होता, अजून फारसा उडाला नव्हता.

“काका, पिवळीची गाळणी तुम्ही उघडून बघितली होती?”

“गाळणी कायले उघडायची? मी स्वतः दोनदा गाळतो. बॅटरी पाहिली, पंप पाहिला, वायरी पाहिल्या. इंजिनच कमजोर हाय.”

“पण बरणीत तंतू दिसतात. चित्त्यातही हेच इंधन...”

“धूळ असन बेटा,” काका हसले. मामांनी फोनवरचं बोलणं थांबवून मान वळवली. “आचल, काकांले शिकवू नको. लय वर्षं झाले त्यायले.”

चेहरा गरम झाला तशी ती शेडबाहेर आली. बाबा असते तर त्यांनी बरणी हातात घेतली असती, बस एवढंच. पण बाबा नव्हते, आणि उद्या चित्ता हवेत जाणार होता. त्याचे पंख आखूड होते. इंजिन थांबलं, तर तो पिवळीसारखा तरंगत उतरणार नव्हता. तो पडणार होता, आणि कुठे पडेल ते कोणाच्या हातात नव्हतं. रस्त्यापलीकडच्या शेतांत बायका कापूस वेचायला असतात.

श्याम आणि करिश्मा तिच्यामागे आले.

“मोठे माणसं ऐकत नाई,” श्याम म्हणाला. “पण दाखवाले सांगितलं तर लगेच दाखवते. मी बाबाकडून असंच सगळं काढून घेतो.”

आचल थांबली. “काय म्हणालास?”

“दाखवा म्हणायचं. शिकवा नाई म्हणायचं.”

तिला गच्चीवरचा फोन आठवला.

रविवारी सकाळी ऊन कोवळं होतं. रस्ता झाडून ठेवला होता, आग विझवायचं लाल सिलिंडर बाजूला उभं होतं. आचल ओमप्रकाशकाकांसमोर गेली.

“काका, बाबांनी चित्त्याच्या पूर्ण जोराचा आवाज मागितलाय. हवेत गेला की नीट रेकॉर्ड होणार नाही. आधी जमिनीवर बांधून पूर्ण जोरात चालवून दाखवाल? जरा जास्त वेळ?”

“ओमानमंदी आवाज पोचवायचा काय?” काका खूश झाले. “पोचवू ना. कुलदीप, दोर आण.”

चित्ता खांबाला घट्ट बांधला. मुलांनी कानांवर जाड संरक्षक चढवले आणि काका म्हणाले तिथे, बाजूला दूर उभी राहिली. विमानातून लांब तार काढून इंजिनाचे आकडे दाखवणारा छोटा पडदा काकांनी आचलच्या हातात दिला. “हे धर. तुह्या बाबांले आकडेही सांग.”

सीऽऽ करत इंजिन जागं झालं. मागे हवा थरथरायला लागली. काकांनी जोर वाढवला. आवाज छातीत शिरला.

आचल आवाज ऐकत नव्हती. ती एकच आकडा बघत होती, पंपाचा. इंजिनाचा वेग तोच होता, पण तो राखायला पंपाला किती जोर लावावा लागतो ते त्या आकड्यात कळतं. आकडा वाढला. पुन्हा वाढला. नळीत कोणी बोट घालत असावं तसा तो चढत गेला. तिने हात वर करून मामांना बोलावलं. मामांनी खांद्यावरून वाकून पडदा बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

मग आवाज खाली घसरला आणि संपला.

कानांवरचे संरक्षक काढल्यावर जिनिंगची दूरची घरघर तेवढी ऐकू येत होती. ओमप्रकाशकाका रेडिओकडे बघत उभे होते. चित्ता खांबाला बांधलेला, जमिनीवर, अखंड होता.

“हा हवेत असता तर?” मामा हळूच म्हणाले.

इंजिन गार झाल्यावर काकांनी स्वतःच गाळणी उघडली. तिच्या जाळीवर दाबून बसलेली पांढरी चकती होती. त्यांनी ती नखाने सोडवली आणि तळहातावर ठेवली. मग जीपमधून अवजारं आणून पिवळीची गाळणी उघडली. तिच्यातली चकती आणखी जाड होती.

“माह्याच खिशातला,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “मी त्या बिचारीले सुटी करून विकाले निघालो होतो.” त्यांनी आचलकडे पाहिलं. “काल तू सांगत होती अन् मी हसलो. चुकलो बेटा.”

“इथं चुकलं तरी चालते काका,” करिश्मा गंभीरपणे म्हणाली. “काहीतरी कळते म्हणे त्याच्यातून.”

मामा हसले तेव्हा सगळ्यांनाच मोकळं वाटलं. “मंग आता दोन्ही चांगले. आता तर चित्ता घ्यालेच हवा, का?”

श्यामने तोंड उघडलं, मिटलं आणि आचलकडे बघितलं.

“मामा,” ती म्हणाली, “इंजिन कधीतरी बंद पडणारच. आपलं नवीन शिकणं आहे, काहीतरी चुकेलच. पिवळीचं दोनदा बंद पडलं. मग पुढे काय झालं?”

“पुढं काय? ओमप्रकाशनं सोयाबीनच्या वावरात उतरवली.”

“तिला काही झालं?”

मामांनी ओमप्रकाशकाकांकडे पाहिलं.

“काही नाई,” काका सावकाश म्हणाले. “खरोच बी नाई. इंजिन नसतानी येते ती. तरंगत येते.” त्यांनी चित्त्याकडे पाहून मान हलवली. “हा नाई येत. कुलदीप, पोरगी बरोबर बोलून राहिली. पहिलं जेट दिसते कसं ते पाहू नोका. बंद पडल्यावर घरी येते का, ते पाहा. तीस वर्षं विमानं उडवून मी तुले हे सांगाले पायजे होतं.”

नवीन गाळणी, आणि पोलादी बारीक जाळीतून गाळलेलं नवं इंधन घेऊन पिवळी रस्त्यावर आली. काकांनी रेडिओ गळ्यात अडकवला आणि मागे न बघता म्हणाले, “आचल कुठं हाय? बाजूले उभी राय. वेळ कोण सांगन मले?”

ती पुढे गेली. झाडाखालची खुर्ची रिकामी राहिली.

पिवळी धावली, उचलली गेली, शेतांवरून वळली. पूर्ण जोरात तिने दोन मोठे फेरे घेतले आणि तिचा आवाज जरासुद्धा घसरला नाही. “वारा डावीकडून,” आचल म्हणत होती. “रस्ता मोकळा. अर्धा वेळ झाला.” काका “हो” म्हणत होते. दोघंही आकाशाकडे बघत होती.

विमान उतरलं, इंजिन थांबलं, आणि मग ते मधूनमधून आपोआप फिरायला लागलं. घूं... घूं... आतली उष्णता बाहेर टाकायला इंजिनातलं टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, असंच फिरतं.

“चला, चहा,” मामांनी हाक मारली. “आचल, शाबास. तुह्या बाबांले मीच सांगतो, जेट त्यांच्या पोरीनं निवडलं म्हून.”

“तुम्ही व्हा पुढे,” आचल पिवळीजवळ खाली बसत म्हणाली. “गार होईपर्यंत हिला एकटं सोडायचं नसतं. बाबांचा नियम आहे.”

तिने फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पूर्ण जोराचा नाही, हाच. ओमानमध्ये आता सकाळ असेल, बाबा कामावर असतील, कधी ऐकतील ठाऊक नव्हतं.

घूं... घूं...

शेजारी पावलं वाजली. करिश्मा सिमेंटवर मांडी घालून बसली. तिच्या पलीकडे श्याम, हातात चहाचे तीन कप कसेबसे धरून.

“किती वेळ लागते म्हशीले गार व्हाले?” त्याने विचारलं.

“लागेल तेवढा,” आचल म्हणाली आणि एक कप घेतला.